चपराकीनंतरचं बोलणं

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, म्हणतात. पेर्नेलचं नाक चांगलं सरळ होतं आणि विघ्न एकच होतं. ते नदीकाठी बसून रात्रंदिवस घरघरत होतं आणि संत लुबाँच्या मठाचं पीठ दळत होतं.

"वहिनी, मुलगी मला पसंत आहे," बुशार म्हणाला होता. पलीकडच्या काठावरची गढी याची. हेर्सांदबाईंच्या नवऱ्याचा जुना मित्र, म्हणून त्यांना वहिनी म्हणायचा आणि जेवायला बसला की हक्कानं दोनदा वाढून घ्यायचा. "मुलगी चांगली, घराणं चांगलं, तुमच्याबद्दल तर बोलायलाच नको. पण पाणचक्की हवी."

"चक्की मठाकडे आहे, भावजी."

"तेच तर म्हणतोय. माझी रयत तिथं दळण घेऊन जाते आणि दर पोत्यामागे मठवाल्यांच्या टोपल्यात पीठ ओतून येते. किती वर्षं बघत राहू? पेर्नेलबरोबर चक्की येणार असेल तर माझा यूद येईल. नाहीतर यूदला काय, मुलींची कमी नाही."

यूदला मुलींची कमी होती. त्याला घोड्यांखेरीज दुसऱ्या कशावर बोलता येत नसे, आणि हसला की आसपासची कुत्री उठून बसत. पण त्याच्या बापाच्या पदरी चाळीस घोडेस्वार होते, आणि हेर्सांदबाईंना नातजावई म्हणून ते चाळीस जण हवे होते. यूद त्यांच्याबरोबर आला तर येऊ दे, एवढंच.

कारण गढीला आता पुरुष उरला नव्हता. थोरला मुलगा निव्हलाँ गेल्या हिवाळ्यात रानडुकराच्या मागे लागला आणि घोड्यासकट ओढ्यात गेला. घोडं वाचलं. मागे राहिली त्याची ही एवढी एक मुलगी, पेर्नेल, अकरा वर्षांची. वरच्या धन्याचा, काउंटचा, निरोप आला होता: संत मिशेलच्या सणापर्यंत मुलीचं ठरलं तर ठीक, नाहीतर तिच्या रक्षणाला मी माझा माणूस धाडतो. असली रक्षणं हेर्सांदबाईंनी पाहिली होती. रक्षण करायला आलेला माणूस पहिल्या दिवशी किल्ल्या मागतो, दुसऱ्या दिवशी मुलगी मागतो आणि तिसऱ्या दिवशी आजीला विचारतो, तुम्ही मठात कधी जाताय. आयत्या बिळावर नागोबा.

आणि हे बीळ काही आपोआप झालेलं नव्हतं. गढी एकसंध राहावी म्हणून त्या बाईनं जन्मभर काय काय केलं होतं. एक मुलगी जोगिणींच्या मठात घातली. दुसरी इतक्या लांब दिली की तिच्या बाळंतपणाची बातमी यायची तोवर मूल चालायला लागलेलं असायचं, आणि देताना तिच्याकडून माहेरच्या जमिनीवर पाणी सोडवून घेतलं. धाकटा फूशे सहा वर्षांचा असताना संत लुबाँला देऊन टाकला. सगळं कशासाठी, तर चीजच्या वड्या पाडाव्यात तसे जमिनीचे तुकडे पडू नयेत. सगळं एकाला, त्या निव्हलाँला. आणि त्या निव्हलाँनं ते घोड्यावर घालून ओढ्यात नेलं. आता मेलेल्या मुलावर चिडावं तरी किती? तरी त्या चिडत होत्या. रडून झालं की चिडायच्या आणि चिडून झालं की स्वयंपाक्यावर ओरडायच्या.

तर ही चक्की. फूशेला मठात दिलं तेव्हा त्याच्याबरोबर मठाला काहीतरी द्यावं लागणारच होतं. फुकट पोर कोण घेतो? ओढ्यापासून हद्दीच्या दगडापर्यंतचं ओकचं रान दिलं. आणि चक्कीही दिली. हेर्सांदबाईंना हे पक्कं ठाऊक होतं, कारण चक्की त्यांनीच दिली होती, ऐन वेळी, नवऱ्याला न विचारता. नवरा गीशेर घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नव्हता आणि घरी आल्यावर दोन दिवस जेवला नव्हता.

पण आता त्यांनी काउंटकडे तक्रार घातली होती ती अशी: रान दिलं होतं, चक्की दिलीच नव्हती, मठानं ती हळूच गिळली.

सरळ खोटं. पण खोटं ठरवायला होतं कोण? मठाचं छप्पर जळालं त्यात दानपत्र जळालं. गीशेर वारला. तेव्हाचे मठाधिपती वारले. उरले साक्षीदार, आणि घोडं अडलं ते तिथं.

त्या मुलखात चर्मपत्रावर कुणी फार भिस्त ठेवत नसे. चर्मपत्र जळतं, उंदीर खातात, आणि वाचायचं म्हटलं तर पुन्हा मठवालाच बोलवावा लागतो. म्हणून जमीन दिली-घेतली की साक्षीला लहान पोरं उभी करायची. सगळे शब्द बोलून झाले की प्रत्येकाच्या एक सणसणीत थोबाडीत ठेवून द्यायची. पोर मोठं होतं, म्हातारं होतं, बाकी सगळं विसरतं, पण ती चपराक विसरत नाही, आणि तिच्याबरोबर तो दिवस ध्यानात राहतो. त्या दिवशी तीन पोरं होती. शेजारच्या गढीचा रोबेर, तो जेरुसलेमच्या वाटेवर गेला. निव्हलाँ, तो ओढ्यात गेला. आणि तिसरा फूशे, ज्याचं दान होतं तोच. त्याला हेर्सांदबाईंनी स्वतःच्या हातानं मारलं होतं, कारण गीशेरचा हात उचलेना. त्यांचा हात तेव्हा जड होता. अजूनही होता.

म्हणजे बघा गंमत. या पोरानं ध्यानात ठेवावं म्हणून ज्या आईनं हाणलं, तिलाच आता वाटत होतं की मेल्यानं सगळं विसरलेलं असावं.

विसरला असेल की नाही, काही कळायला मार्ग नव्हता, कारण फूशे बोलायचाच नाही. दरवर्षी सर्व संतांच्या दिवशी हेर्सांदबाई त्याला भेटायला जायच्या. भेटीच्या खोलीत एक बाक होतं, भिंतीला लागून. आत मठवासी, बाहेरच्या बाजूला पाहुणा, असा तिथला नियम. त्या त्याच्या डाव्या हाताला बसायच्या आणि बोलायच्या. बाप आजारी आहे. हं. निव्हलाँला मुलगी झाली. हं? मुलगी झाली म्हटलं. बरं. तुला खोकला आहे का अजून? याचं लक्ष समोरच्या भिंतीवर. फार झालं तर मान वळवून "काय म्हणालात, बाईसाहेब?" बाईसाहेब! पोटच्या पोरानं बाईसाहेब म्हणावं? खेचरावर बसून घरी येईपर्यंत त्या धुमसत यायच्या. अढी धरून बसलाय, दुसरं काय. मठात घातलं म्हणून. अहो, कुणाच्या पोरांना घालत नाहीत?

संत मिशेलच्या सणाच्या आधीच्या आठवड्यात काउंटनं दोन म्हातारे सरदार निवाड्याला पाठवले. पंचायत बसली संत लुबाँच्या चर्चच्या ओवरीत, जिथं दान झालं होतं तिथंच. हेर्सांदबाई पेर्नेलला घेऊन आल्या. वारस म्हणून तिचं असणं गरजेचं होतं. बुशार आला, येताना पेअर खात आला. मठाधिपती इस्नार आधीच येऊन सावलीतली जागा धरून बसले होते. गोल चेहऱ्याचा, गोड बोलणारा माणूस. चक्कीच्या तळ्यातल्या वाम माशांनी तो गोलवा आलाय, असं हेर्सांदबाईंचं मत होतं.

"बाईसाहेब, अजून वेळ गेलेली नाही," इस्नार म्हणाले. "तक्रार मागे घ्या. आमचा साक्षीदार मठाचाच माणूस आहे, आणि तुमचाच मुलगा आहे. उगाच चारचौघांत..."

"चारचौघांत काय व्हायचं ते होऊ दे, फादर. तुम्ही बोलवा त्याला."

"आजी," पेर्नेल हळूच म्हणाली, "काका खरंच आपल्या बाजूनं बोलेल?"

"गप्प बस."

"मी नुसतं विचारलं."

"विचारू नकोस. सरळ उभी राहा. बुशार बघतोय."

फूशे आला. पस्तिशीचा माणूस, पण चालणं म्हाताऱ्यासारखं. छाती आत गेलेली, गालफडं वर आलेली. इस्नारांनी त्याला आपल्या शेजारी उभं केलं, उजव्या बाजूला येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरच्या गाईला गोंजारावं तसं म्हणाले, "बंधू फूशे, तुला इथं दिलं त्या दिवशी तुझ्याबरोबर मठाला काय काय मिळालं ते या सरदारांना सांग. देवाला स्मरून."

"रान," फूशे म्हणाला.

"हो. आणि?"

"आणि मी."

एक सरदार फिसकन हसला. इस्नारही हसले. "आणि चक्की."

"चक्की नाही, फादर."

ओवरीत कुणीतरी खाकरलं आणि थांबलं. इस्नारांचा हात खांद्यावरून खाली आला. "नीट आठव, बाळ. घाई नाही."

"मला नीटच आठवतं. आठवावं म्हणून तर मारलं होतं." फूशे सरदारांकडे बघून बोलत होता, आवाज न चढवता, पाठ केलेलं म्हणावं तसा. "वडिलांचे बूट ओले होते. त्यांनी दानाची खूण म्हणून वेदीवर सुरी ठेवली आणि म्हणाले, ओढ्यापासून दगडापर्यंतचं रान, आणि हा माझा मुलगा. थोरले फादर म्हणाले, मुलगा किरकोळ आहे, छातीचा कच्चा आहे, एवढ्या रानावर आम्ही याला घेणार नाही. मी रडायला लागलो. तेव्हा बाईसाहेबांनी मला मारलं. त्यानंतर माझा कान वाजत होता. सगळ्यांची तोंडं हलताना दिसत होती. मग थोरल्या फादरांनी माझा हात धरला आणि आत नेलं. बाहेर निव्हलाँला मार खाल्ल्याबद्दल पेअर दिला. मला नाही दिला, कारण मी आत गेलो होतो."

"पण तुला आत नेलं याचा अर्थ..." इस्नारांना घाम आला होता. "आधी नको म्हणाले आणि मग घेतलं, म्हणजे मध्ये काहीतरी वाढवून दिलं असणार ना?"

"त्यांना दया आली असेल. मी रानाबरोबर आलो, फादर. सरपणाबरोबर. माझ्यावर चक्की कोण उधळणार?"

दोन्ही सरदारांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. मठाचा माणूस, मठाविरुद्ध बोलतोय, शपथेवर. याहून काय पाहिजे? बुशारनं पेअरचा देठ टाकून हात पुसले आणि हेर्सांदबाईंकडे बघून असा हसला की यूद कुणावर गेलाय ते कळलं.

जिंकल्या होत्या त्या. शपथ नको, खोटं बोलणं नको, काही नको. नुसतं तोंड मिटून उभं राहायचं. तोंड मिटायचं एवढं एकच काम देवानं त्यांच्यावर सोपवलं होतं. पेर्नेलचं लग्न, चाळीस घोडेस्वार, गढी, सगळं त्या मिटल्या तोंडात होतं. पण सरपण हा शब्द त्यांच्या घशात काट्यासारखा अडकला होता. सरपणाबरोबर म्हणे.

फूशेनं त्यांच्यासमोर येऊन मान लववली. "झालं ना, बाईसाहेब? मारलेलं वाया गेलं नाही." आणि तो वळून आत जायला निघाला.

"फूशे."

तो चालत राहिला.

"फूशे, थांब जरा."

नाही थांबला. तीच पाठ, तीच मान, तोच समोरच्या भिंतीवरचा डोळा. दरवर्षीचं सर्व संतांच्या दिवसाचं ते सगळं बाक हेर्सांदबाईंच्या डोक्यात गेलं. तरातरा जाऊन त्यांनी त्याची डावी बाही धरून ओढली. "मी हाका मारतेय. ऐकू येत नाही तुला?"

फूशेनं पूर्ण वळून त्यांच्याकडे पाहिलं. "या कानानं नाही येत."

"म्हणजे?"

"डाव्या कानानं ऐकू येत नाही मला."

"कधीपासून?"

फूशेनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. हेर्सांदबाईंनीही तिकडे बघितलं आणि बाही सोडली.

"मग हे आधी नाही सांगायचं?" त्यांचा आवाज फाटला. "दरवर्षी मी येतेय, त्या बाजूला बसतेय, बापाचं सांगतेय, भावाचं सांगतेय, आणि तू नुसता बसून राहतोस? भिंतीशी बोलत होते का मी?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि इथं सगळं खुणांनीच चालतं. कान फारसा लागत नाही."

"कान लागत नाही म्हणे. गाढवा, तो कान असता तर तुला पुढचं ऐकू आलं असतं."

"वहिनी," बुशार मागून म्हणाला, "झालंय ना आपलं काम. चला आता."

"तुम्ही थांबा, भावजी." आता त्या कुणाच्या बापाला आवरल्या नसत्या. "सरपणाबरोबर आला म्हणे! अरे, तो थेरडा तुला घेईना. कच्चा आहे, किरकोळ आहे, बाजारात वासरू बघावं तसा बघत होता. तू रडायला लागलास आणि माझं डोकं फिरलं. शब्द संपायच्या आधीच मी तुला हाणली, तिथं चुकलं माझं. सगळं संपल्यावर मारायचं असतं. आणि मग मी त्या थेरड्याला म्हटलं, रान कमी पडतंय ना, मग चक्कीही घे. पण माझ्या पोराला जवाचा पाव सोसत नाही, छातीत अडकतो. या चक्कीच्या पिठाचा पांढरा पाव दर रविवारी त्याच्या पुढ्यात आला पाहिजे, तो जगेल तोवर. तुझा बाप दोन दिवस जेवला नाही. सबंध गढीत तेवढी एक चक्की होती धड चालणारी, आणि ती मी तुझ्यावर उधळली. ऐकू आलं का आता?"

ऐकू सगळ्यांनाच आलं होतं. चक्की भाड्यानं चालवणारा माणूस नदीवरून बघायला बाहेर आला, इतकं ऐकू आलं होतं.

पहिले बोलले ते इस्नार, आणि त्यांच्या चेहऱ्याचा गोलवा हळूहळू परत येत होता. "सरदार, बाईसाहेबांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. चक्की मठाचीच."

"वहिनी," बुशार म्हणाला, "तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

कुणीच विचारलं नव्हतं. हेर्सांदबाई ओवरीच्या पायरीवर बसल्या. तेल गेलं, तूप गेलं. समोर पेर्नेल उभी होती, नवा निळा झगा घालून, आणि आजीकडे डोळे फाडून बघत होती. काउंटचा नागोबा आता येणार, किल्ल्या मागणार, आणि या पोरीला दहा शब्दांत कुणाच्या तरी पदरात टाकणार. सगळ्या जन्माचं शहाणपण एका तोंडानं घालवलं. जीभ आहे की वखवखलेलं कुत्रं आहे, त्यांना वाटलं, सुटलं की सुटलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यामुळे त्या आणखीच चिडल्या.

फूशे अजून तिथंच उभा होता. त्यानं मान वाकडी करून, उजवा कान पुढे करून विचारलं, "कुठला पांढरा पाव?"

"काय?"

"दर रविवारी म्हणालात. पांढरा पाव कुठला?"

हेर्सांदबाईंनी डोळे पुसले. "तुला मिळतो तो."

"आम्हाला जवाचा मिळतो. रविवारीसुद्धा. पांढरा फादरांच्या पंगतीला असतो, पाहुण्यांबरोबर."

पायरीवर बसलेली बाई उठली ती अशी उठली की बुशारनं एक पाऊल मागे घेतलं. "फादर इस्नार," त्या म्हणाल्या, अगदी हळू, "रविवारी तुम्ही काय खाता?"

"हे पाहा, जुन्या फादरांनी मला असं काही... आणि मठात एकालाच वेगळा पाव, हे नियमात बसत नाही..."

"चक्की नियमात बसली ना?"

दोघांपैकी थोरला सरदार, ज्याला दिवसभरात पहिल्यांदाच मजा वाटायला लागली होती, पुढे झुकला. "फादर, हे नाजूक आहे बरं का. दान अटीवर होतं आणि अट पाळलीच नाही, तर मग दान कसलं? बाईसाहेबांचा कबुलीजबाब तुम्हाला हवा असेल तर पुरताच घ्यावा लागेल. अर्धा घेऊन चालणार नाही."

"तीस वर्षांचे रविवार," हेर्सांदबाई म्हणाल्या. "मोजा तुम्ही. तुम्हाला लिहिता-वाचता येतं."

मग जे व्हायचं ते झालं. घासाघीस. कुणी म्हणे चक्की परत, कुणी म्हणे अर्धी. मधूनच मठातून वाइन आली, अक्रोड आले, आणि कुणालातरी सुचून एक पांढरा पावही आला, तो बघून हेर्सांदबाईंनी असं तोंड केलं की आणणारा तो तिथंच ठेवून पळाला. जेवणवेळ टळून गेली तेव्हा तोड निघाली. फूशे जिवंत आहे तोवर चक्की मठाकडे. दर रविवारी त्याच्या पुढ्यात पांढरा पाव, त्याच पिठाचा, आणि आईनं कधीही येऊन तपासावा. बुशारच्या रयतेला आजपासून दळणाची पट्टी माफ. फूशे गेला की चक्की पेर्नेलची आणि तिच्या लेकरांची, मठाचा हक्क नाही.

बुशारनं हिशेब केला. करताना त्याचे ओठ हलत होते. मग त्यानं पेअरचा डाग पडलेली बोटं झग्याला पुसली आणि फूशेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. नेमका त्याच वेळी फूशेला खोकल्याची उबळ आली.

"वहिनी," तो हेर्सांदबाईंच्या जवळ येऊन म्हणाला, "हा खोकला जुना आहे का हो? म्हणजे, साधारण किती दिवस..."

"का?"

"नाही, तसं ठीक आहे. थांबू आम्ही. यूद काय, तरुण आहे. फार थांबावं लागणार नाही असं दिसतंय, म्हणून म्हटलं. संत मिशेलला साखरपुडा करून टाकू."

हेर्सांदबाईंनी सगळं आयुष्य हेच मोजलं होतं: कोण कधी मरेल, कोण किती टिकेल, कुणाच्या माघारी कुणाला काय येईल. आणि आता समोरचा माणूस अगदी त्यांच्याच रीतीनं, त्यांच्याच मापानं, त्यांच्या पोराचा श्वास मोजत होता.

"भावजी," त्या म्हणाल्या, "साखरपुडा संत मिशेलला. पण चक्कीची वाट बघू नका. तो शंभर वर्षं जगणार आहे. मी बघते."

उरलं साक्षीचं. पोर पाहिजे होतं, आणि ज्याचं त्यात सर्वांत जास्त आहे तेच पोर उभं करावं, असं सरदार म्हणाला. पेर्नेल.

"मारायलाच हवं का?" पेर्नेल म्हणाली. "मला तसंही लक्षात राहील."

"सगळे असंच म्हणतात," सरदार म्हणाला.

हेर्सांदबाईंनी तिला समोर उभं केलं. "थांबा. आधी सगळं बोलून होऊ दे. फादर, सगळ्या अटी पुन्हा म्हणा, पावासकट." इस्नारांनी म्हटल्या. "आता तू म्हण." पेर्नेलनं म्हटल्या. दळणाची पट्टी राहिली. ती पुन्हा म्हणायला लावली. "कुणाचं काही राहिलंय? नंतर कुणी तोंड उघडायचं नाही." कुणाचं काही राहिलं नव्हतं. मग त्यांनी डाव्या हाताचा तळवा नातीच्या डाव्या कानावर घट्ट दाबून धरला आणि उजव्या हातानं त्याच गालावर खाली, हनुवटीजवळ, एक दिली. चपराक म्हणण्यासारखी होती. पेर्नेलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कान वाजतोय?"

"नाही, आजी."

"मग रडतेस कशाला? पेअर खा जा."

फूशे खांबाशी उभा राहून ते बघत होता. आजीचा कानावरचा हात निघेपर्यंत बघत होता.

खेचर आणलं. बुशार कधीच पुढे गेला होता, पेर्नेल एका गालात पेअर धरून पायरीवर बसली होती. हेर्सांदबाई खेचराकडे निघाल्या, मध्येच थांबल्या, परत फिरल्या. सवयीनं त्या फूशेच्या डाव्या हाताला जाऊन उभ्या राहिल्या. मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या आणि त्याच्या मागून वळसा घालून उजवीकडे आल्या. तीस वर्षांत या बाजूनं त्याचा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. या बाजूनं तो गीशेरसारखा दिसत होता.

"रविवारी येते," त्या म्हणाल्या. "पाव बघायला. मऊ नसला तर त्या इस्नारच्या डोक्यात घालणार आहे."

"हं?" तो नेहमीसारखा म्हणाला.

"रविवारी येते म्हटलं."

"ऐकू आलं, आई," फूशे म्हणाला. "पहिल्या वेळीच आलं होतं. पुन्हा ऐकावंसं वाटलं, म्हणून विचारलं."